टॉकीज चालवायला घेऊ का?

ताई, नमस्कार.

तुमचं सदर मी दुकानात बसून वाचतो. त्यात बहुतेक सासू-सुना आणि पोरांची लग्नं असतात. माझं दुखणं वेगळं आहे, हसू नका.

मी यावल-रावेर पट्ट्यातल्या एका गावचा. वय ४८. कृषी सेवा केंद्र आहे, देवाच्या दयेने बरं चालतं. सिनेमाचं वेड लहानपणापासून. गावात आता एकच टॉकीज उरलं आहे. शुक्रवारचा सहाचा खेळ मी सहसा चुकवत नाही, बाल्कनीतली कोपऱ्यातली खुर्ची ठरलेली. पण हल्ली पंधरा तिकिटं गेली तरच खेळ लावतात, नाहीतर पैसे परत. शेठ (मालकांना सगळे शेठच म्हणतात) सांगतात, पुढच्या दिवाळीनंतर बंद. मागे मंगल कार्यालय आणि रस्त्याच्या बाजूने गाळे काढणार.

मी 'टॉकीज वाचवा' म्हणून सह्या जमवल्या, चारशेच्या वर झाल्या. त्या घेऊन गेलो तर शेठ भडकले. 'या चारशे जणांनी महिन्याला एक तिकीट काढलं असतं तर ही पाळी आली नसती. एवढा पुळका असेल तर तूच घे चालवायला, तीन वर्षांच्या कराराने देतो.' रागात म्हणाले, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. एक एफडी आहे, दुकानावर कॅश क्रेडिटही मिळेल. मंडळीला विचारलं तर ती म्हणाली, 'तठी बाईमाणसानं जावं कसं? बंद पडलं तर पडू द्या.' मुलगा पुण्याला शिकतो, तो म्हणतो, 'पप्पा, मोठा टीव्ही घ्या.'

घेऊ का चालवायला? की उपोषणाला बसू? की सोडून देऊ?

– एक टॉकीजवेडा (नाव-गाव छापू नये)

*

भाऊ,

हसले नाही. उत्तर मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहायला नको. टॉकीज चालवायला घेऊ नका. एफडी मोडू नका आणि दुकानाच्या कॅश क्रेडिटचा तर विचारही मनात आणू नका. उपोषणही नको. एका माणसाच्या मालकीच्या, तोट्यातल्या धंद्यासमोर मांडव घालून बसलात तर गाव दोन दिवस गंमत बघेल आणि शेठ तुमच्याशी बोलायचे बंद होतील. सोडून द्या असं मात्र मी म्हणणार नाही. करण्यासारखं बरंच आहे, फक्त ते सह्या जमवण्याइतकं सोपं नाही.

शेठचा राग आधी समजून घ्या. तुम्ही दुकानदार, हिशेबाची भाषा तुम्हाला लवकर पटेल. समजा तिकीट ८० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. (शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के तसेच राहिले, म्हणजे निदान ही सवलत तरी मॉलवाल्यांपेक्षा आपल्याकडच्या टॉकीजांच्या वाट्याला जास्त आली.) तर ८० मधले जवळपास ४ रुपये सरकारचे. उरले ७६. त्यातले निम्मे वितरकाचे धरा. सिनेमा तगडा असेल तर पहिल्या आठवड्यात तो निम्म्यावर थांबत नाही. शेठच्या हाती राहिले ३८. पंधरा माणसं आली तर ५७० रुपये. या ५७० रुपयांत ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंगच्या खिडकीतला माणूस, झाडू मारणारी बाई, प्रोजेक्टरचा दिवा, ज्याचे तास मोजून तो बदलावा लागतो, आणि अडीच-तीन तास गरगरणारे कूलर. म्हणजे पंधरा तिकिटांवर खेळ लावतात तेव्हा शेठ कमवत नसतात, तुमची भीड राखत असतात. अशा माणसापुढे तुम्ही चारशे सह्या ठेवल्यात. मी त्यांच्या जागी असते तर मीही भडकले असते.

बरं, ही वेळ शेठच्या नालायकीने आली असंही नाही. मी भुसावळची. आमच्या लहानपणी स्टेशनच्या पार्सल ऑफिसबाहेर सिनेमाच्या रिळांच्या पेट्या पडलेल्या दिसायच्या. पत्र्याच्या, कोपरे चेपलेल्या, वर तेलरंगाने गावाचं नाव. ते खोडून दुसरं, ते खोडून तिसरं. टॉकीजचा पोऱ्या सायकल घेऊन आलेला असायचा आणि 'पेटी आली का?' हा प्रश्न गाडी लागल्या लागल्या सुरू व्हायचा. भुसावळहून एक लोहमार्ग नागपूरकडे, एक खंडवा-इटारसीकडे, त्यामुळे पेटी रात्रीत कुठेही जायची. सिनेमाच्या वितरणाचं हे मोठं ठाणं होतं. धंद्याचा नकाशाच निराळा: इंग्रजांच्या काळात पूर्व खानदेश मुंबई इलाख्यात, पण सिनेमावाल्यांच्या लेखी जळगाव-भुसावळ 'सी. पी. बेरार' (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागात, विदर्भाच्या पंगतीला. तो प्रांत सरकारदरबारी १९५० साली संपला, धंद्यात मात्र त्याचं नाव अजून चालतं. वितरक आणि थिएटरवाल्यांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचंही भुसावळशी जुनं नातं. आपल्या भागात सिनेमा हा असा रेल्वेच्या रुळांवरून आलेला आहे.

त्या काळी एका प्रिंटला हजारोंनी पैसे पडत, म्हणून मोजक्या निघत आणि गावोगाव फिरत. तुमच्या टॉकीजला सिनेमा यायचा तो मोठ्या शहरांत चालून, झिजून. पडद्यावर ओरखड्यांचा उभा पाऊस पडायचा, मध्येच रीळ तुटायची, पब्लिक शिव्या घालायचं. पण तोवर गाणी रेडिओवरून पाठ झालेली असायची आणि बघायला दुसरी जागाच नसायची. उशिरावरच टॉकीजचा गल्ला भरायचा. २००५ च्या सुमारास उपग्रहावरून सिनेमा थेट थिएटरात उतरवायची सोय आली, पेट्या गेल्या, मुंबईचा शुक्रवार तोच तुमचा शुक्रवार झाला. सगळ्यांना वाटलं, आता तालुक्याचं नशीब उघडलं. काही वर्षं उघडलंही. पण वर्षभर गावोगाव फिरून कमावणारा सिनेमा आता सगळीकडे एकदम लागतो आणि दोन आठवड्यांत एकदम उतरतो. त्यात २०१६ नंतर मोबाइलचा डेटा कवडीमोल झाला. हिंदी सिनेमा साधारण आठ आठवड्यांत घरबसल्या दिसतो, चोरून बघणाऱ्याला तर तिसऱ्या दिवशी. मग टॉकीजला जायचं ते कशासाठी, याचं उत्तर प्रत्येक सिनेमाला नव्याने द्यावं लागतं, आणि फार थोडे सिनेमे ते देतात. २०१६ साली 'सैराट'ला साताऱ्याकडच्या रहिमतपुरात रात्री बाराचे आणि तीनचे खेळ लावावे लागले होते. असा सिनेमा वर्षात एखादा. शुक्रवार मात्र बावन्न येतात, आणि नोकरांचा पगार बारा वेळा.

आता 'चालवायला घेणं' म्हणजे काय काय घेणं, ते बघा. केबिनमधलं यंत्र शेठच्या मालकीचं असेलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी ते डिजिटल कंपनीने करारावर बसवलेलं असतं. करार कोणाच्या नावाने, अजून किती वर्षांचा, मध्येच तोडला तर काय, हे तुम्ही विचारलंत का? परवाना जिल्हाधिकारी कचेरीतला, अग्निशमनाचा दाखला वेगळा, विजेचा मंजूर भार वेगळा. नोकरांची मागची देणी असतील तर ती तुमच्या गळ्यात पडू शकतात. वर मोठा सिनेमा पहिल्या दिवशी हवा असेल तर वितरक एम. जी. मागतो, म्हणजे मिनिमम गॅरंटी: सिनेमा चालो न चालो, एवढी रक्कम आधी ठेवा. पडला तर तुमचा, चालला तर दोघांचा. भाऊ, ऐन मे महिन्यात, वादळाच्या तोंडावर उभा केळीचा बाग घेण्यासारखं आहे हे. आणि तुमचं भांडवल तर त्याच केळीच्या भावावर आधीच टांगलेलं: बी-खत उधारीवर द्यायचं आणि माल निघेपर्यंत शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. एका जुगारावर दुसरा लावू नका. शेठचा या धंद्यातला मुरलेला हात जिथे टेकला, तिथे तुमचा हौशी हात तीन वर्षं टिकेल असं मला वाटत नाही.

आता एक टोचणारी गोष्ट. बाल्कनीतली कोपऱ्यातली खुर्ची ठरलेली म्हणता. शेजारच्या खुर्चीत कोण असतं ते पत्रात नाही. माझा अंदाज, कोणी नसतं. सिनेमाचं खरं वेड असलेल्या पुष्कळ माणसांना अर्धं रिकामं थिएटर मनातून आवडतं. शिट्टी नाही, पोर रडत नाही, पुढचा फोन काढून बसत नाही. पण टॉकीज जगतं ते शिट्ट्यांवर आणि रडणाऱ्या पोरांवरच. दक्षिणेकडचा डब केलेला मारधाडीचा सिनेमा कॉलेजची पोरं तीन-तीनदा बघतात, त्यातून तुमचा शुक्रवारचा सहाचा खेळ निघतो. तुम्हाला टॉकीज हवं असेल तर ती गर्दीही हवी असायला पाहिजे. नुसती सहन करून भागायचं नाही, ओढून आणायला लागेल.

आणि ती आणायची कशी, हे तुमच्या घरातच कोणीतरी सांगून ठेवलंय. तुमच्या अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य एकच, आणि ते वहिनींचं. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंत. तालुक्याच्या टॉकीजांतलं बायकांचं बाथरूम मी पाहिलेलं आहे. दाराला कडी नसते. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. नळ असतो, पाणी नसतं. बल्ब कोणीतरी काढून नेलेला, वरच्या जाळीतून जो काय उजेड येईल तो. म्हणून बाई घरून निघतानाच पाणी पीत नाही, तेही आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात. मग एक दिवस ती निघायचीच बंद होते. ती बंद झाली की लेकरं बंद, सासू बंद, शेजारीण बंद. पाच तिकिटांचं घर एका तिकिटावर येतं, आणि ते एक तिकीट म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्चीतले तुम्ही.

२०२३ च्या जूनअखेरीस 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा राज्यभर बायका भिशीचा गट, मंडळाचा गट करून, नटूनथटून थिएटरात गेल्या. सिनेमा कसा होता यावर तुम्ही तासभर बोलाल, मला माहीत आहे. पण त्या महिन्यात थिएटरवाल्यांना एक गोष्ट पुन्हा कळली: बाई एकटी येत नाही, दहा जणींना घेऊन येते.

तेव्हा पहिलं काम हे. कडी, बल्ब, टाकीत पाणी, कचऱ्याचा डबा आणि खेळाच्या वेळेपुरती दारात एक बाई. नव्या साउंड सिस्टिमच्या पासंगालाही हा खर्च पुरणार नाही. एफडी मोडायला तयार होतात ना? मग कडी-बल्ब स्वतः बसवून द्या, कोणाला सांगत बसू नका. आणि झालं की वहिनींना तपासायला न्या. त्या 'चालेल' म्हणाल्या तर चालेल, तुमचं मत यात मोजायचं नाही.

दुसरं, वेळा. बारा, तीन, सहा, नऊ हे खेळ जुन्या काळचे आहेत. गाव आता त्या वेळांवर चालत नाही. नऊचा खेळ सुटेपर्यंत खेड्यांकडची शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. सहाचा सुटला की तीच गत. शेतीची लाइट आठवडाआड रात्रीची. त्या आठवड्यात शेतकरी मोटार चालू करायला बांधावर उभा असतो, तो तुमच्या नऊच्या खेळाला कुठून येणार? उलट आठवडे बाजाराच्या दिवशी आजूबाजूची दहा-बारा खेडी सकाळपासून गावात असतात. बाजार दुपारी उरकतो. बाराचा खेळ साडेबाराला लावून तीनच्या आसपास सोडला, तर माणूस बाजाराची पिशवी पायाशी ठेवून सिनेमा बघेल आणि चारची गाडीही धरेल. एसटी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून घ्या आणि त्या वहीवरून शेठशी बोला. तुमच्या दुकानात रोज येणारं गिऱ्हाईक त्याच खेड्यांचं आहे, त्यांना नुसतं विचारलंत तरी निम्मं काम होईल. आणि तिथेच काउंटरवर बाजाराच्या खेळाची तिकिटं ठेवा.

तिसरं, आखाजी. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या थिएटरवाल्याला सांगून कळणार नाही, शेठला न सांगता कळेल. अक्षय तृतीया बाकी महाराष्ट्रात सोनं घ्यायचा मुहूर्त असेल. आपल्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि बाप्ये पत्ते कुटत बसतात. त्या चार-पाच दिवसांत गावात जितक्या माहेरवाशिणी असतात तितक्या वर्षात कधीच नसतात. सगळ्यांना घराबाहेर पडायचं असतं आणि जायला जागा नसते. दुपारचे दोन खेळ फक्त बायका-मुलांसाठी ठेवा. कूलरमध्ये नवा वाळा भरा. आपल्याकडच्या उन्हात गार हवेसाठीसुद्धा माणसं तिकीट काढतात. सिनेमा मराठी, घरातल्या सगळ्यांना एकत्र बघता येईल असा. इंटरव्हलला पॉपकॉर्नबरोबर भेळभत्ता ठेवा. इथे तुमच्या त्या चारशे सह्या कामाला येतील: सहीपुढे फोन नंबर घेतले असतील तर एकेकाला फोन करा आणि 'वाचवायचं ना? मग आखाजीची चार तिकिटं आजच घ्या' म्हणा. कितीजण फोन उचलतात ते बघा. एका खेळाच्या साठ तिकिटांचे आगाऊ पैसे आले तर वरच्याच हिशेबाने शेठच्या हाती एका खेळाचे २,२८० रुपये पडतात. फार नाहीत. पण खेळ लागणार की पैसे परत मिळणार, ही धाकधूक संपते, आणि गावातल्या माणसाचं पाऊल याच धाकधुकीमुळे मागे फिरतं. दोनदा पैसे परत घेऊन घरी गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. तुम्ही जाता, पण तुम्ही वेडे आहात.

हे जमलं तर महिन्यातून एखादा सकाळचा खेळ तुमच्या आवडीचा मागून घ्या, तेवढा हक्क मग तुमचा. जुने सिनेमे पुन्हा लावले तर चालतात, हे आता धंद्यालाही पटलंय. २०१८ साली आलेला 'तुंबाड' २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. आपल्या मातीतलं निमित्त हवं तर स्मिता पाटील आहेच: शिरपूरचे शिवाजीराव पाटील यांची मुलगी, जन्म १७ ऑक्टोबर १९५५. खानदेशात त्या तारखेला तिचा सिनेमा मोठ्या पडद्यावर लागायला काय हरकत आहे? शाळांसाठी 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे शिक्षक, आणि १९५३ चा आचार्य अत्र्यांचा तो सिनेमा राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी. मुख्याध्यापकांना दुसरं कारण सांगावं लागणार नाही. मात्र हक्क कोणाकडे आहेत ते वितरकाच्या माणसाकडून काढून, रीतसर पैसे भरून लावायचा. पेनड्राइव्हवर उतरवून 'फक्त एकदाच' लावू, असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर चोरीच्या प्रतीसाठी कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाखांपासून पुढे दंड आहे.

आगीचंही सांगून ठेवते, कारण गर्दी आणायला मीच सांगतेय. २०२३ च्या दिवाळीत मालेगावात पडदा चालू असताना आतमध्ये रॉकेट सोडलं गेलं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. सिनेमावरचं आपल्याकडचं प्रेम असं उतू जातं, आणि लोक त्याचं कौतुकही करतात. मी करत नाही. दिल्लीच्या उपहार थिएटरात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. तुमच्या टॉकीजचे बाजूचे दरवाजे आतून उघडतात का, की सायकल स्टँडवाल्याने बाहेरून साखळी घातलीय, ते पुढच्या शुक्रवारी खुर्चीत बसण्याआधी फिरून बघा. साखळी असेल तर हाउसफुल्लची स्वप्नं नंतर.

एवढं करूनही शेठ बंद करतील का? करू शकतात. त्यांचा हक्क आहे तो, आणि लग्नसराईच्या तारखा सिनेमाच्या शुक्रवारांपेक्षा भरवशाच्या असतात हेही खरं. पण मंगल कार्यालय आणि पडदा एकमेकांचे वैरी असतात असं कोणी सांगितलं? पाच-सहाशे खुर्च्यांचं टॉकीज आजच्या तालुक्याला नकोच आहे. खाली कार्यालय आणि गाळे, वर दीडशे खुर्च्यांचा छोटा पडदा, असं बऱ्याच गावांत करता येण्यासारखं आहे. दीडशेच्या जागेत चाळीस माणसं बसली तरी भरल्यासारखं वाटतं, एसीचं बिलही झेपतं. शिवाय जुनं थिएटर पाडून नवं बांधताना काही खुर्च्यांचं थिएटर ठेवायचं, असा नियम राज्यात चालत आला आहे. तुमच्या नगरपालिकेत त्याचा सध्याचा तपशील काय, ते नगररचना विभागात जाऊन विचारा. तलवार म्हणून नको. शेठचा आर्किटेक्ट नकाशा काढायला बसेल तेव्हा ही माहिती त्याच्या टेबलावर असू दे. आणि केबिनमध्ये जुना ३५ एमएमचा प्रोजेक्टर धूळ खात पडला असेल, तर तो भंगारवाल्याच्या टेम्पोत चढण्याआधी कॉलेजसाठी किंवा वाचनालयासाठी मागून घ्या. दिवाळीपर्यंत थांबू नका, अशा वस्तू एका दुपारीत जातात.

मुलाचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका. तो त्याच्या जागी बरोबर आहे. त्याला आखाजीच्या खेळाचं पोस्टर करायला सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिकिटांची यादी ठेवायला लावा. पोरं असल्या कामाला नाही म्हणत नाहीत.

राहता राहिला करार. शेठ पुन्हा तोच विषय काढतील, कारण रागाच्या भरात का होईना, त्यांनाही हे ओझं कोणाच्या तरी खांद्यावर द्यायचंय. तेव्हा हो-नाही काही बोलू नका. 'शेठ, आधी गेल्या दोन वर्षांचे डीसीआर दाखवा' एवढंच म्हणा. रोजच्या खेळांचा, तिकिटांचा, जमेचा हिशेब त्यात असतो आणि कोणताही थिएटरवाला तो जपून ठेवतो. कागद हातात आले की आधी तुमच्या सीएकडे न्या, मग वहिनींना वाचून दाखवा. माझ्याकडेही पाठवा, मी बघते.